जुनी शेजारीण

अहमदी हे अरबांच्या मुलखात तेल कंपनीने वाळूत उठवलेलं गाव. उत्तरेला साहेबांचे बंगले, मधे कारकुनांची घरं आणि खाली दक्षिणेला फिटर, सुतार, वेल्डर यांच्या जोडखोल्या. शहरबानू लग्न होऊन हर्णैहून आली ती त्या जोडखोल्यांत. एकसष्ट साली तिच्या नवऱ्याला, अशरफला, कंपनीच्या ड्रॉइंग ऑफिसात वरची जागा मिळाली आणि त्या जागेबरोबर उत्तरेकडचा बंगला. त्या रस्त्यावर राहायला आलेलं ते पहिलं कोकणी कुटुंब.

पहिले काही दिवस शहरबानूला तिथली शांतताच ऐकू येत राहिली. प्रत्येक घरापुढे सारखीच कापलेली हिरवळ, बाजूने कण्हेरीची रांग, घराशेजारी लांबलचक मोटार. मुलं सायकलवरून जायची तीसुद्धा बेताच्या आवाजात. एका घरातून दुसऱ्या घरात हाक मारलेली कधी ऐकू येत नसे. खिडक्यांना कूलर, म्हणून खिडक्या बंद. जोडखोल्यांत शेजारणीची फोडणी कशाची आहे हे भिंतीतून कळायचं. इथे माणसं घरात आहेत की नाहीत हेही कळत नसे.

शेजारच्या बंगल्यात मिसेस हॉफमन राहत. उंच, हाडकुळ्या, चाळिशीच्या. अमेरिकेतल्या आयोवा नावाच्या मुलखातल्या. दुसऱ्याच दिवशी त्या सफरचंदाचा 'पाय' हा भाजलेला गोड पदार्थ ताटात घेऊन दारात उभ्या राहिल्या. "नवे शेजारी आले की आमच्याकडे असंच करतात," त्या म्हणाल्या. "आमचं गावही असंच आहे. अशीच घरं, अशीच हिरवळ. फक्त तिथे मका आहे आणि इथे वाळू."

शहरबानूला इंग्रजी समजे, बोलताना मात्र शब्द जिभेवर अडत. ती नुसतीच हसली. ताट रिकामं परत करायचं नाही, ही रीत हर्णैलाही होती. त्यात सांदणं घालून द्यावीत असं तिच्या मनात आलं. मग वाटलं, तांदळाच्या रव्याच्या, गुळाच्या त्या पिवळसर वाफवलेल्या वड्या बघून बाई काय म्हणेल. तिने दुकानातून बिस्किटांचा डबा आणवला आणि ताटात तो ठेवून परत केला. मिसेस हॉफमननी थँक यू म्हटलं, पण डब्याकडे बघताना त्यांचा चेहरा किंचित पडला असं शहरबानूला वाटलं. चांगल्या कंपनीची बिस्किटं आणायला हवी होती, असा तिने त्याचा अर्थ लावला.

फखरुन्निसा मामी म्हणजे जोडखोल्यांतली शेजारीण. कंपनीच्या गोदामात सुतार असलेल्या गफूरची बायको. नात्याची कुणी नव्हे, पण मुलीच्या, असमाच्या वेळी शहरबानूला कळा सुरू झाल्या तेव्हा अशरफ कामावर होता आणि हिनेच तिला इस्पितळात नेलं होतं. पुढचे चाळीस दिवस स्वतःचं घर सांभाळून शहरबानूचं न्हाणं-माखणं केलं. मामीला मूल नव्हतं. असमा चालायला शिकली ती मामीच्या खोलीतून आपल्या खोलीत आणि परत.

बंगला मिळाल्यावर मामी दोन बायकांना घेऊन आली. शुक्रवार होता. सगळं घर फिरून पाहिलं, गरम पाण्याचा नळ सोडून बघितला, आणि मग म्हणाली, "आत कोण बसतं गो, एवढं चांगलं गवत बाहेर असताना." समोरच्या हिरवळीवर चादर पसरली गेली. भाकऱ्या आणि सुकटीची चटणी निघाली. हसणं रस्त्याच्या टोकापर्यंत जात होतं. जेवण झाल्यावर एकीने बागेच्या नळावर भांडी घासली. समोरच्या घरातला पडदा हलला. मिसेस हॉफमन आपल्या दारात येऊन उभ्या राहिल्या, थोडा वेळ बघत राहिल्या आणि आत गेल्या.

त्या संध्याकाळी अशरफ म्हणाला, "कुणी काही बोललं नाही. पण लोक बघतात. आपण इथे पहिलेच आहोत."

"मग काय करू?"

"काही नको. जरा सांभाळून, एवढंच."

एवढंच तो म्हणाला. पण त्यानंतर शहरबानू प्रत्येक गोष्ट रस्त्यावरून कशी दिसेल हे बघू लागली. कपडे मागच्या बाजूला वाळू लागले. मासळी बंद दाराआड तळली जाऊ लागली. मामी पुन्हा एकदा आली तेव्हा शहरबानूने तिला आतच बसवलं आणि मामी गेल्यावर तिला हायसं वाटलं. तसं वाटल्याचं तिला वाईट वाटलं, पण फार वेळ नाही.

उन्हाळा सुरू होता होता तिने धीर करून मिसेस हॉफमनना आणि त्यांच्या दोन मैत्रिणींना चहाला बोलावलं. अशरफने काकडीची सँडविचेस कशी कापायची ते ऑफिसातल्या कुणाला तरी विचारून सांगितलं. टेबलावर इस्त्री केलेलं कापड घातलं. असमाला पांढरा फ्रॉक आणि मोजे. शहरबानूने बोलायची वाक्यं मनात जुळवून ठेवली होती.

बायका यायला अजून वेळ होता, तेवढ्यात बाहेरून हाक आली.

"शेरबानू! अगो शेरबानू!"

मामीचीच हाक. शहरबानूने पडद्याच्या फटीतून पाहिलं. मामी भर उन्हात पायी आली होती. साडीवर पांढरी ओढणी, ती घामाने कपाळाला चिकटलेली, हातात फडक्यात बांधलेलं पातेलं. शहरबानूच्या डोळ्यांपुढे पुढचं सगळं उभं राहिलं: मामी सोफ्यावर पाय वर घेऊन बसली आहे, तंबाखूची डबी उघडली आहे, त्या तिघी एकमेकींकडे बघताहेत. कुणी नाही असं वाटून ती परत जाईल, एवढाच विचार तिने केला. ती स्वयंपाकघरात गेली आणि ओट्याच्या आडोशाला खाली बसली.

असमाने हाक ओळखली होती. "मामी आली," म्हणत ती दाराकडे धावणार तोच शहरबानूने तिला ओढून मांडीवर घेतलं आणि तिच्या तोंडावर हात ठेवला.

मामीने घंटा वाजवली. मग घराला वळसा घालून मागे आली. जाळीचं दार दोनदा हलवलं. "शेरबानू, आहेस काय गो?" तिचा श्वास लागलेला ऐकू येत होता. असमाचे ओठ शहरबानूच्या तळव्याखाली हलत होते. मुलगी ओरडत नव्हती, नुसती आईकडे बघत होती. मामी स्वतःशीच म्हणाली, "निजली असेल," आणि पायरीवर टेकली.

शहरबानू हलली नाही. आता दार उघडायचं तर इतका वेळ का उघडलं नाही हे सांगावं लागलं असतं. प्रत्येक क्षणागणिक ते अधिकच कठीण होत गेलं.

मग हिरवळीवरून मिसेस हॉफमनचा आवाज आला. उन्हात का बसलात, असं त्या विचारत होत्या. मामी मोडक्या हिंदीत काहीतरी म्हणाली. मिसेस हॉफमनना हिंदी येत नव्हती. "नेबर," त्या म्हणत होत्या, "मी नेबर. या, या. पाणी." पावलं दूर गेली. त्यांच्या दाराचा आवाज झाला.

शहरबानूने असमाच्या तोंडावरचा हात काढला. गालावर बोटांचे लाल वळ उठले होते. तिने तोंड धुतलं, मुलीचं तोंड पुसलं आणि टेबलापाशी जाऊन उगाचच चमचे सरळ केले.

ठरल्या वेळी घंटा वाजली. दारात तिघी बायका होत्या आणि त्यांच्यामध्ये मामी. पातेलं मिसेस हॉफमनच्या हातात होतं.

"तुमच्या पाहुण्या बाहेर वाट बघत होत्या," मिसेस हॉफमन म्हणाल्या. "मी त्यांना लेमोनेड दिलं. आमची छान ओळख झाली."

असमा धावत जाऊन मामीला बिलगली. "आम्ही घरातच होतो," ती आपल्या बोलीत म्हणाली. "अम्मीने माझं तोंड धरलं."

अमेरिकन बायकांना ते कळलं नाही. मामीला कळलं. तिने असमाच्या गालावरून हात फिरवला. तो वळांवरून गेला आणि क्षणभर थांबला. मग तिने शहरबानूकडे पाहिलंही नाही. मिसेस हॉफमनकडे वळून, दोन्ही तळवे गालाशी जोडून, डोळे मिटून दाखवले. "स्लीप," ती म्हणाली. "लडकी बहुत थक गयी. काम, काम."

"अरे बिचारी," मिसेस हॉफमन म्हणाल्या.

सगळ्या बसल्या. मामी खुर्चीच्या कडेला, ओढणी सावरून, पाय खाली जुळवून बसली. तंबाखूची डबी तिने काढली नाही. मिसेस हॉफमननी कौतुकाने विचारलं, "या तुमच्या आई का?"

शहरबानूने जुळवून ठेवलेल्या वाक्यांत याचं उत्तर नव्हतं. आईसारख्या, असं म्हणता आलं असतं. तेवढं इंग्रजी तिला येत होतं.

"ओल्ड नेबर," ती म्हणाली.

नेबर हा शब्द मामीने आजच उचलला होता. तिने मान डोलावली. "येस," ती म्हणाली. "नेबर."

पातेल्यात सांदणं होती, अजून कोमट. त्या बायकांनी ती दोन-दोनदा घेतली आणि कशी करतात ते विचारलं. काकडीच्या सँडविचेसना कुणी फारसा हात लावला नाही. मामी चहा पिऊन उठली. मिसेस हॉफमननी तिला मोटारीने सोडायचा हट्ट धरला. निघताना मामीने असमाचा मुका घेतला आणि शहरबानूच्या डोक्यावर, नेहमीसारखा नव्हे, जेमतेम टेकेल असा हात ठेवला.

मिसेस हॉफमन परतल्या तेव्हा बाकीच्या दोघी गेल्या होत्या. त्यांनी कपबशा विसळायला हात घातला आणि म्हणाल्या, "आयोवात माझ्या आत्या अशाच यायच्या, मागच्या दाराने, न विचारता. या गावात आल्यापासून माझ्या मागच्या दाराने कुणी आलेलं नाही. त्या दिवशी तुम्ही सगळ्या गवतावर जेवत होतात ना? मी दारात उभी होते. मनात म्हटलं, मला कुणी बोलावलं असतं तर."

शहरबानू बशी पुसत राहिली. बशी कधीच कोरडी झाली होती.

अशरफला तिने सगळं सांगितलं, तोंडावर हात धरल्याचंही. "मी तुला दार लावून घे म्हटलं नव्हतं," तो म्हणाला. आणि मग थोड्या वेळाने, "पण म्हटल्यासारखंच झालं."

पुढच्या शुक्रवारी मामी आली नाही, त्याच्या पुढच्याही नाही. शहरबानू असमाला घेऊन जोडखोल्यांत गेली. दार उघडंच होतं. मामी जमिनीवर बसून तांदूळ निवडत होती. तिला बघताच उठली, शेजारून खुर्ची मागवली, फडक्याने पुसली.

"या," ती म्हणाली. "बसा."

शहरबानूला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. या बाईने तिला कधी 'तू' सोडून काही म्हटलं नव्हतं.

"मामी, मी खाली बसते."

"नको नको. साडी खराब होईल तुमची. थंड काय घेणार? बाटली आणवते."

"मामी, त्या दिवशी मी—"

"त्या दिवशी ऊन फार होतं," मामी म्हणाली. रागाने नाही, अगदी सहज, वाटेतला काटा बाजूला करावा तसं. "असमा, ये गो माजे बाय. किती वाढलीस तू."

शहरबानू खुर्चीवर बसून बाटलीतलं गोड पाणी प्यायली. भिंतीपलीकडे कुणीतरी लसणाची फोडणी दिली.

त्यानंतर ती दर शुक्रवारी जात राहिली. हट्टाने जमिनीवर बसू लागली, तांदूळ निवडू लागली. मामी बसू देई, गप्पा मारी, हसे, गावाकडच्या बातम्या सांगे. पण 'तुम्ही' गेलं नाही. एकदा बोलता बोलता "काय सांगू तु—" इथपर्यंत आली, शहरबानूचा हात ताटात थांबला, आणि मामीने ते सावरून "तुम्हाला" केलं.

चौसष्ट साली गफूरचं काम संपलं आणि दोघं कायमची गावी निघाली. बंदरावर शहरबानू, अशरफ आणि असमा पोचवायला गेली. मिसेस हॉफमनही आल्या होत्या. त्यांना मामीने फडक्यात बांधून सांदणाचा रवा दिला. असमाला जवळ घेऊन मामी रडली. "शिकून मोठी हो," म्हणाली. "मला विसरू नको."

मग ती शहरबानूकडे वळली. शहरबानूने तिचे दोन्ही हात धरले.

"जपून राहा हां," मामी म्हणाली. "तब्येत सांभाळा."

आणि ओढणी डोक्यावर घेऊन ती नवऱ्यामागून बोटीच्या शिडीवर चढली.