बाईंचा तास सोडून

शाळेच्या मागच्या फाटकाच्या कडीवर बाईंनी तेलाचे थेंब सोडले, कडी मागेपुढे केली आणि कुरकुर थांबेपर्यंत हात काढला नाही.

वाळूच्या लाल बादलीत पुन्हा चॉकलेटचा कागद. बादलीवर ‘ही कचराकुंडी नाही’ असं ठळक लिहिलेलं. टाकणाऱ्याने ते वाचूनच टाकला असणार. कागदाची घडी इतकी व्यवस्थित होती.

“घंटा सलग वाजत राहिली तर काय करायचं?” बाईंनी विचारलं.

“रांग.”

“दप्तर?”

“राहू द्यायचं.”

“आणि डबा?”

पहिलीतली मुलगी विचारात पडली. “डब्यात काय आहे त्याच्यावर आहे.”

घरी, बाईंच्या गुडघ्यावर गरम पाण्याची पिशवी. पलीकडच्या खुर्चीतून नवऱ्याचा आवाज. “तुझी शाळा पेटली ना, तर आधी या गुडघ्याची परवानगी काढावी लागेल.”

“पिशवीपेक्षा तुमच्या जिभेचेच चटके जास्त बसतात.”

शाळेच्या जिन्याच्या वळणावरचं मोडकं कपाट. ते हलवावं म्हणून बाईंनी सगळ्यांचं डोकं खाल्लं. शेवटी एकदाचं हललं, तेव्हा मागे बॅडमिंटनची दोन फुलं निघाली आणि भिंतीचा मूळ रंग.

हा सगळा उद्योग एकट्या बाईंचा. त्या शाळेत विज्ञान शिकवायच्या. दहावीचा वर्ग आणि प्रयोगशाळा, त्यांची दोन्ही ठिकाणं सगळ्यात वर, तिसऱ्या मजल्यावर. दुसऱ्या कुठल्याशा शाळेत धूर झाला, मुलं जिना उतरून आली आणि कुलूप लावलेल्या फाटकाशी अडकली, अशी बातमी एकदा त्यांनी वाचली होती. मुलं वाचली होती. तरी ते कुलूप बाईंच्या डोक्यातून काही जाईना. शाळेत सुरक्षेची जबाबदारी कुणावर टाकायची हा प्रश्न निघाला तेव्हा बाकीचे शिक्षक छताकडे बघत होते. बाईंनी काम घेतलं आणि गळ्यात शिट्टी अडकवली. मोठी मुलं त्यांना पाठीमागे ‘शिट्टीबाई’ म्हणायची, पहिलीतली तोंडावर.

शाळा रिकामी करण्याचा सराव पूर्वी आधी कळवून व्हायचा. त्या दिवशी मुलं बूट चमकवून येत. घंटा होण्याआधीच रांगा वर्गाच्या दारात उभ्या असत आणि मग वऱ्हाड निघावं तशी शाळा हसतखिदळत मैदानात निघे. बाई मैदानात शिट्टी आणि घड्याळ घेऊन उभ्या. वेळ फार छान यायची. बाईंना तीच खटकायची.

त्या मुख्याध्यापकांकडे गेल्या. मुख्याध्यापक त्यांचेच जुने विद्यार्थी. बाई त्यांना आवर्जून ‘सर’ म्हणत, आणि दर वेळी ते थोडे अवघडत.

“यापुढे न सांगता घंटा द्यायची, सर. कुणालाच सांगायचं नाही. मलासुद्धा.”

“तुम्हाला कसं नाही सांगायचं? सराव तुम्हीच तर घेता.”

“आग मला विचारून लागणार आहे का?”

मुख्याध्यापक हसले. बरं म्हणाले.

पहिली न सांगितलेली घंटा झाली तेव्हा बाई तळमजल्यावर, शिक्षकांच्या खोलीत चहा पीत होत्या. कप तसाच ठेवून त्या मैदानात आल्या. गोंधळ झाला, दोन मुलांचे बूट हरवले, पण सगळे बाहेर आले. दुसऱ्या वेळी बाई त्याच खोलीत वह्या तपासत होत्या. दहावीला शेजारच्या आठवीच्या बाईंनी आपल्या वर्गाबरोबर उतरवून आणलं.

तिसऱ्या वेळी बाईंच्या हातात पुन्हा चहाच होता. त्या उठल्या, पण मैदानात गेल्या नाहीत. खोलीतल्या भिंतीवर वेळापत्रक चिकटवलेलं होतं. त्यासमोर उभ्या राहून त्यांनी चहा शेवटच्या घोटापर्यंत संपवला. मग कप विसळून पालथा घातला आणि मुख्याध्यापकांच्या खोलीत गेल्या.

“माझे रिकामे तास तुम्हाला अगदी पाठ झालेत, सर.”

“योगायोग हो, बाई.”

“तिन्ही वेळा?”

मुख्याध्यापकांनी टेबलावरची पट्टी उचलून फाईलच्या कडेला समांतर ठेवली.

बाईंनी मागे वळून दार लोटलं. “आठवीत होतास तेव्हाही उत्तर येत नसलं की तू पट्टीच सरळ करायचास.”

पट्टीवरचा हात थांबला.

“मी तुम्हाला जिना उतरताना पाहिलंय,” ते हळू आवाजात म्हणाले. “शाळा सुटल्यावर, सगळे गेले की उतरता. कठडा धरून, एकेक पायरी, दोन्ही पाय टेकवत. मधेच थांबून शिट्टी पुसल्यासारखं करता.”

बाईंचा हात शिट्टीकडे गेला होता. तो त्यांनी खाली घेतला.

“गर्दीत तुम्ही पडला असतात तर? मागून साठसत्तर मुलं. मला ते नको होतं.”

“म्हणजे मला सोडून सगळी शाळा तयार आहे.”

“असं नाही, बाई—”

“असंच आहे. आणि मी वर असले की माझी मुलं माझ्या मागे असणार, त्याचा सराव कुणी केलाय? पुढची घंटा माझ्या तासाला दे. तू नाही दिलीस तर मी स्वतः देईन.”

त्यानंतर बाईंनी गुडघ्याला पट्टा आणला. मधल्या सुट्टीत, जिना रिकामा असताना, त्या उतरून बघू लागल्या. घरी ‘जमतंय’ म्हणाल्या. नवऱ्याने या खेपेला विनोद केला नाही. खाली वाकून त्याने पट्ट्याचं टोक ओढलं, सैल आहे म्हणाला, आणि पुन्हा बांधून दिलं.

घंटा झाली तेव्हा बाईंच्या हातात चिमट्यात धरलेली परीक्षानळी होती.

एका मुलाने बर्नर विझवला. दुसरीने गॅसची चावी बंद करून मोठ्याने सांगितलं, “बंद!” खिडक्या लागल्या. रांग झाली. बाईंनी शिकवलं होतं अगदी तसं, कुणी पेनाचं टोपणसुद्धा उचललं नाही.

पुढचं मात्र बाईंनी शिकवलेलं नव्हतं. चार मुलं मागच्या बाकामागून एक खुर्ची घेऊन आली. खुर्चीच्या पायांना दोन आडव्या काठ्या, कवायतीच्या दोरीने करकचून बांधलेल्या.

“हे काय?”

“बसा, बाई.”

“काहीतरीच काय! मी चालत येते. चला, रांग पुढे.”

रांग हलली नाही.

“तुम्ही चालत आलात तर आठवी मागे तुंबते,” वर्गाची मॉनिटर म्हणाली. उंच, शांत मुलगी. सोडवलेलं गणित वाचून दाखवावं तशी बोलली. “जिन्याला लागून आपण आहोत ना.”

“कुणी सांगितलं तुम्हाला?”

“सांगायचं काय त्यात, बाई? रोज दिसतं की.”

“आम्ही प्रॅक्टिस केलीय,” दुसरा घाईने म्हणाला. “जाड्याला बसवून.”

जाड्या मागची काठी धरून उभा होता. त्याने भाव खात मान हलवली. “मी तुमच्यासारखा ओरडतो पण, बाई. ‘अरे ढकलू नका रे!’ अगदी सेम.”

कुणीतरी फिसकन हसलं. घंटा वाजत होती.

“आठवीला आधी जाऊ दे,” बाई म्हणाल्या. मॉनिटरने दारातून हात केला. आठवीची पावलं भराभर जिन्याकडे गेली. मग पलीकडचा व्हरांडा रिकामा झाला.

“आता तुम्ही. खुर्ची ठेवा तिथेच. सगळे खाली जा, मी मागून येते. हे सांगणं नाही, हुकूम आहे.”

कुणी उलट बोललं नाही. कुणी गेलंही नाही. गृहपाठ न केलेली मुलं उभी राहतात तशी सगळी खाली बघत, मुकाट उभी राहिली. बाईंनी रांगेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकेक चेहरा पाहिला. सगळा वर्ग होता. शाळेत वर राहिलेला हा एवढाच वर्ग होता.

बाईंनी गॅसच्या बंद चावीवर हात ठेवला आणि ती पुन्हा एकदा बंद केली. मग खुर्चीत बसल्या.

पहिल्या वळणापर्यंत मुलं ‘उजवं, डावं’ म्हणत होती. दुसऱ्या वळणाला बोलणं थांबलं, नुसते श्वास ऐकू येऊ लागले. पुढच्या मुलाच्या मानेवरून घामाचा ओघळ कॉलरमध्ये गेला. एका पायरीवर कुणाचा तरी पाय चुकला, खुर्ची तिरकी झाली आणि बाईंनी दोन्ही हातांनी बसायची फळी धरली. तोंडात शिट्टी असती तर दातांनी फुटली असती. बाकीचा वर्ग मागे एकेक पायरी, थांबत, थांबत. कुणी पुढे घुसलं नाही. जागाही नव्हती.

मैदानात खुर्ची टेकली तेव्हा रांगांतून टाळ्या झाल्या. पहिलीतल्या मुलांना ही मिरवणूक वाटली. त्यांनाही बसायचं होतं. मुख्याध्यापक जवळजवळ धावतच आले.

“सगळे बाहेर, बाई. सगळेच्या सगळे! काय पोरं आहेत तुमची!”

बाई उठल्या. जाड्या हात खिशात घालून उभा होता.

“हात दाखव.”

“काही नाही, बाई.”

“दाखव म्हणते ना.”

तळव्यावर काठीचा आडवा वळ उमटला होता. कडेला कातडी सोलवटलेली. बाईंनी बाकी तिघांचेही हात उलटे करून पाहिले.

“आणखी थोडी प्रॅक्टिस केली ना, तर लवकर होईल,” मॉनिटर म्हणाली.

“होईल. माहीत आहे मला.” बाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. “तुम्ही कराल, म्हणूनच तर.”



संध्याकाळी मुख्याध्यापकांच्या खोलीत बाई उभ्याच राहिल्या.

“सोमवारपासून मला पहिली दे.”

“पहिली? बाई, दहावीचं वर्ष आहे. प्रयोगशाळा वर आहे. तुमच्यासारखं कोण—”

“दुसऱ्या मजल्यावरच्या सरांना दे. त्यांचं रसायन बरं आहे.”

“त्यांचं? बरं आहे?”

“पाय धड आहेत. रसायन मी शिकवीन त्यांना, खाली बसून.”

मुख्याध्यापकांचा हात पट्टीकडे गेला आणि तिथून परत आला. “पोरांना काय सांगू? त्यांना वाटेल, आपण चुकलो.”

“ती चुकली नाहीत. माझ्यासाठी थांबली.” बाईंनी टेबलावर प्रयोगशाळेच्या किल्ल्या ठेवल्या. “वर्गात कुणाला लागलं, कुणाचा पाय मोडलेला असला, तर ती खुर्ची हवीच. रुंद पट्टे लाव तिला, आणि उचलायला मोठी माणसं नेम, नावानिशी. पण जिला खाली राहता येतं तिच्यासाठी नको.”

“तुम्हाला चालेल, बाई? एवढी वर्षं...”

“पुढची घंटा कधी द्यायची ते मला सांगू नकोस,” बाई म्हणाल्या. “आणि आता माझा तास बघायचं कारण नाही.”

सोमवारी तळमजल्यावर, पहिलीच्या दाराशी त्या खडू घेऊन वाकल्या आणि रांगेसाठी फरशीवर रेघ मारायला लागल्या. वाकणं सोपं नव्हतं. मुलं भोवती जमली. रेघेवर पाय द्यायचा की रेघेच्या अलीकडे, यावर त्यांच्यात लगेच भांडण जुंपलं. वरून, तिसऱ्या मजल्यावरून, बाक सरकल्याचा आवाज आला. बाईंनी मान वर केली नाही. रेघ फाटकाच्या दिशेने पुढे नेली.

खूप वर्षांपूर्वी शाळेवर तिसरा मजला चढला, आणि एवढे जिने चढून वरचा वर्ग कोण घेणार असं विचारलं गेलं, तेव्हा हात एकट्या बाईंनी वर केला होता.