महापौरबाई रस्ता ओलांडतात

कुमुदिनीबाई तीन महिन्यांसाठी म्हणून नेदरलँड्समधल्या ब्रेडाजवळच्या एका गावात लेकाकडे आल्या, आणि कोरोनाने त्यांना सव्वा वर्ष तिथेच डांबून ठेवलं. शाळा चौथीत सुटलेली. पण पुण्यातल्या आपल्या आळीत त्यांनी एकापाठोपाठ एक तीन नगरसेवक वठणीवर आणले होते. हे ऐकायला इथे होते कोण? लेक अंबरीश, सून आसावरी आणि आठ वर्षांची नात गुंजन. तिघांनाही ते आता तोंडपाठ झालं होतं.

घरासमोर रस्ता, रस्त्यापलीकडे बेसबॉलचं मैदान. शेजारचे विल्फ्रेड मार्तिना गावातल्या पोरांना तिथे खेळ शिकवत. मूळचे कॅरिबियनमधल्या कुरासाव बेटावरचे. तरुणपणी मोठ्या क्लबातून खेळलेले, म्हातारपणीही खांदे दाराएवढे. बुधवारी आणि शुक्रवारी पोरं जमली की ते बॅट आडवी धरून भर रस्त्यात उभे राहत. गाड्या मुकाट थांबत, पोरं पलीकडे जात. “माणूस काळा कातळ, पण मन लोण्याचं,” असं कुमुदिनीबाई म्हणत, आणि त्यांच्या तोंडून कुणाचं कौतुक सहसा निघत नसे.

जानेवारीत कोरोनाने विल्फ्रेडना नेलं. निरोपाला मोजक्याच माणसांना परवानगी होती. गावची पोरं टोप्या काढून रस्त्याच्या कडेला उभी राहिली. कुमुदिनीबाई खिडकीतून बघत होत्या. तव्यावरची पोळी करपली तरी हलल्या नाहीत.

मग मे महिन्यात व्हायचं तेच झालं. गोदामातून सुटलेली एक व्हॅन इतक्या जवळून गेली, की तिच्या आरशाने गुंजनच्या हातातला ग्लोव्ह उडवला. पोरीला ओरखडाही आला नाही, पण अंबरीशने फर्मान काढलं: मैदान बंद. गुंजनने आधी रडून पाहिलं, मग बोलणंच टाकलं. समोर वरणभात निवून जायचा, ही खिडकीशी.

“रस्ता पालिकेचा, चूक गाडीवाल्याची, आणि कोंडलंस पोरीला?” कुमुदिनीबाई कडाडल्या.

“आई, मी पालिकेला ईमेल केलाय.”

“काय म्हणाले?”

“मिळाला म्हणाले.”

“मिळाला! उद्या घराला आग लागली तर तू बंबालाही ईमेलच करशील.”

अशात विल्फ्रेडच्या पत्नी, योलांडाबाई, कुंपणाशी येऊन सांगून गेल्या, की जूनमध्ये मैदानावर विल्फ्रेडच्या नावाची पाटी लागणार, आणि महापौरबाई स्वतः तिचं उद्घाटन करणार. कुमुदिनीबाईंचे डोळे लकाकले. दोन दिवस फोन कानाला लावून त्यांनी आसपासची सगळी मराठी घरं पालथी घातली आणि तिसऱ्या दिवशी लेकासमोर कागद आपटला.

“एकेचाळीस घरं. ब्याऐंशी मतं. सांग तुझ्या महापौरबाईला, झेब्रा पट्टे मारले तर तिची, नाहीतर समोरच्याची.”

अंबरीशने कपाळाला हात लावला. “आई, इथे महापौर निवडून येत नाही. नेमणूक होते. कागदावर राजाची सही असते.”

“राजाची? मग लोक मतं कुणाला देतात?”

“नगरसभेला. महापौराला नाही.”

कुमुदिनीबाई खुर्चीत टेकल्या. एवढा कष्टाचा कागद फुकट गेला होता. त्याची घडी घालत म्हणाल्या, “म्हणजे ही बाई कुणालाच भीत नाही?”

“बहुतेक नाही.”

“गाडीला तरी भीत असेल ना?”

अंबरीशला काही कळलं नाही. इकडे कोरोनामुळे मैदानावरच्या क्लबचं कॅन्टीन बंद होतं आणि योलांडाबाई उद्घाटनानंतरच्या कॉफीच्या काळजीत होत्या. कुमुदिनीबाईंनी निरोप धाडला: चहा-फराळ माझ्या अंगणात, शुक्रवारी, पाच वाजता.

“पाचलाच का? तेव्हा तर गोदामं सुटतात,” अंबरीश म्हणाला.

“तू तुझा कॉम्प्युटर बघ.”

शुक्रवारी महापौरबाई आल्या. उंच, निळा कोट, गळ्यात पदाची चांदीची साखळी. पाटीवरचा पडदा सरला. योलांडाबाई म्हणाल्या, “विल्फ्रेडला स्वतःच्या एकूण धावांचे आकडे कधी आठवले नाहीत. पण कुठल्या पोराला बूट घट्ट होतायत, हे तो त्याच्या आईच्या आधी सांगायचा.” सगळे हसले, मग डोळे पुसले.

आणि मंडळी चहाकडे वळली. पलीकडे अंगणात दीड-दीड मीटरवर खुर्च्या, किटलीतून वाफ, परातीत चकल्या आणि शंकरपाळे. मधे रस्ता.

महापौरबाईंनी एक पाऊल टाकलं. व्हॅन. मागे घेतलं. पुन्हा टाकलं. ट्रक. साखळी छातीवर आपटली. त्यांच्या मदतनिसाने हात वर केला. गाडीवाल्याला वाटलं ओळखीचा आहे, त्यानेही हात हलवला आणि सुसाट गेला.

“या ना बाई, चहा निवतोय!” किटली उंचावून कुमुदिनीबाई ओरडल्या. बापाचा हात धरून मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या गुंजनने डचमध्ये तत्परतेने भाषांतर केलं.

सहा मिनिटं गेली. शेवटी महापौरबाई साखळी मुठीत धरून अक्षरशः पळत आल्या; मागोमाग गुंजनला घट्ट धरून अंबरीश आणि बाकीची मंडळीही.

“बसा. दमलात,” कुमुदिनीबाईंनी कप पुढे सरकवला. “आमची पोरं रोज हेच करतात. गुंजन, विचार त्यांना, वय किती?”

“आजी, असं विचारत नाहीत!”

“विचार म्हणते ना.”

महापौरबाई म्हणाल्या, “चौपन्न.”

“ही आठ वर्षांची आहे, म्हणावं.”

महापौरबाईंनी चहा संपवला, रस्त्याकडे एकदा नीट पाहिलं. मग म्हणाल्या, की झेब्रा पट्टे आणि गतिरोधकाचा विषय या महिन्याच्या सभेत त्या स्वतः मांडतील. पण रस्त्याचं काम, थंडीपर्यंत तरी वेळ लागेल. तोवर पोरांना रस्ता ओलांडून द्यायला मोठी माणसं हवीत. शिकवायला पोलीस येतील, नेमणुकीवर सही त्या स्वतः करतील. “आहे कुणी तयार?”

बापेमंडळी आपापले बूट न्याहाळू लागली.

गुंजनने मराठीत सांगताच कुमुदिनीबाई म्हणाल्या, “आहे की! हा माझा लेक. घरूनच काम करतो, दिवसभर पायजम्यात असतो.”

“आई!”

“गुंजन, सांग त्यांना, बाबा हो म्हणाला.”

एरवी आजीचं अर्धं बोलणं गाळणाऱ्या गुंजनने हे मात्र एक अक्षर न सोडता सांगितलं. दुसरं नाव योलांडाबाईंनी आपलं आपणच दिलं.

तीन आठवड्यांनी अंबरीश नारिंगी जाकीट घालून, हातात ‘थांबा’ असं लिहिलेली पाटी घेऊन रस्त्यात उतरला. कानात ऑफिसची मीटिंग चालूच. “एक मिनिट हं,” तो इंग्रजीत कुणाला तरी म्हणाला, “मी ट्रक थांबवतोय.”

ट्रक थांबला. मागच्या दोन व्हॅनही थांबल्या. “पोट आत घे, फोटो काढतेय मी!” आसावरी दारातून ओरडली. नऊ पोरं रस्त्यात उतरली. सगळ्यांत पुढे गुंजन. पलीकडच्या गवताला पाय लागताच ती धावत सुटली, मागे वळूनही पाहिलं नाही.

कुमुदिनीबाई अलीकडच्या कडेला उभ्या होत्या. शेजारी नारिंगी जाकिटातल्या योलांडाबाईंनी त्यांचा हात धरला. दीड मीटरच्या नियमात ते बसत नव्हतं, पण दोघींनीही सोडला नाही.

“पोचली हो, बाई,” कुमुदिनीबाई मराठीतच म्हणाल्या, “सगळी पोचली.”