न मोजलेलं वर्ष

दामिनी तिसऱ्या खेपेला ती परीक्षा पास झाली, तेव्हा तिच्या बापाने, शेषरावांनी, भातकुलीत घरोघरी पेढे वाटले. परदेशातून डॉक्टरी शिकून आलेल्या पोरांना इथं दवाखान्यात उभं राहण्याआधी ती परीक्षा द्यावी लागते आणि बरीचशी पोरं तिच्यात आपटतात, हे तोवर सगळ्या गावाला पाठ झालं होतं. दामिनी किर्गिझस्तानातून पदवी घेऊन आली त्याला दोन वर्षं होत आली होती. दोनदा नापास झाली तेव्हा घरात कुणी आवाज वाढवून बोललं नव्हतं. यावेळी मात्र तिची आई पार्बताबाई अंगणात उभी राहून रडली. "आता सुटलो बाप्पा," म्हणाली.

सुटलं कुणीच नव्हतं.

परीक्षेनंतर वर्षभर मोठ्या दवाखान्यात इंटर्नशिप करायची आणि मग डॉक्टर म्हणून नोंद व्हायची. त्यासाठी कागद घेऊन दामिनी मेडिकल कौन्सिलच्या खिडकीपाशी गेली. खिडकीतल्या बाई सभ्य होत्या. त्यांनी सगळे कागद नीट पाहिले आणि एका गुणपत्रिकेवर बोट ठेवलं.

"हे दुसरं वर्ष तुम्ही घरून केलंय ना? कोरोनात?"

"हो. सगळ्यांचंच तसं झालं, मॅडम."

"ऑनलाइन वर्ष आपल्याकडे धरत नाहीत. विद्यापीठाकडून लिहून आणा, की नंतर ते वर्ष तिथं प्रत्यक्ष भरून काढलं म्हणून. मग पुढचं बघू."

दामिनीने त्याच संध्याकाळी विद्यापीठाला मेल केला. उत्तर यायला बरेच दिवस लागले आणि आलं ते असं: आमच्या देशाच्या कायद्याप्रमाणे तुमची पदवी पूर्ण आहे. त्या काळातलं शिक्षण आमच्या मंत्रालयानं मान्य केलेलं आहे. जे अपुरं राहिलेलंच नाही, त्याची भरपाई झाली असं आम्ही कसं लिहून द्यावं?

तिने पुन्हा लिहिलं. त्यांनी तेच उत्तर पुन्हा पाठवलं, फक्त खालची सही बदलली. ती कौन्सिलकडे गेली, तिथं नियम बदलला नव्हता. तिने वकिलाला विचारलं. तो म्हणाला, दोन्ही बाजू आपापल्या जागी बरोबर आहेत, भांडायचं कुणाशी?

हे सगळं बापाला सांगायचं म्हणून ती एका सकाळी अमरावतीच्या फूलबाजारात गेली. शेषराव शेवंतीच्या ढिगामागे बसले होते. दामिनी बोलत असताना त्यांनी गिऱ्हाईकाकडे पाहिलंसुद्धा नाही.

"म्हंजे तठी तू डॉक्टर हायेस?"

"हो."

"अन् इथं?"

"इथं नाई, बाबा. इथं माह्यं एक वर्ष कमी हाये."

शेषरावांनी हातातली शेवंती ढिगावर ठेवली. "पोट्टी तेच, शिकली तेच. मंग मधातलं वर्ष गेलं कुठी?"

शेजारच्या झेंडूवाल्याने हाक मारून विचारलं, "काय मंग डॉक्टरीणबाई, दवाखाना कधी टाकता?" ती हसली आणि तिथून निघाली.

त्यानंतरचे महिने वाईट गेले. तिच्याबरोबर बारावी झालेली प्रणाली आता दवाखान्यात नोकरी करत होती, घर चालवत होती. दामिनी दिवसभर फोन उशाशी घेऊन पडून असायची. जेवायला उठवलं की उठायची, दोन घास खायची. एकदा गल्लीतल्या माणिकबाई तापाने फणफणलेला नातू खांद्यावर टाकून दारात आल्या. "पाहून दे ना माय, तू त घरचीच डॉक्टर."

पोराच्या अंगाला हात लावल्याबरोबर दामिनीला काय करायचं ते सुचत होतं. पण औषध लिहून दिलं आणि उद्या काही झालं तर? ती म्हणाली, "काकू, मले औषध देता येत नाई. याले सरकारी दवाखान्यात न्या, आत्ताच न्या." माणिकबाईंचा चेहरा उतरला. जाता जाता त्या पार्बताबाईला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाल्या, "इतके वर्षं बाहेरदेशात काय करून राह्यली होती मंग?"

पार्बताबाईने दार लावून घेतलं. त्या दिवशी दामिनीच्या मनात पहिल्यांदा आलं, की आपण नसतो तर या घराला बरं झालं असतं. त्या विचाराची तिला स्वतःलाच भीती वाटली, म्हणून ती उठली आणि उगीचच अख्खं अंगण झाडून काढलं.

अशात गजेंद्रचा फोन आला. गजेंद्र अकोल्याचा, तिच्याच वर्गातला, त्याचंही तेच वर्ष अडकलेलं.

"दामिनी, माह्यं काम झालं. देवानंद सरांनी दाखला आणून देला. भरपाईचा. शिक्का, सही, सगळं. तूयी ये."

"विद्यापीठ त नाई म्हणून राह्यलं होतं."

"विद्यापीठाले कोण विचारते? तू ये फक्त."

देवानंद सर म्हणजे दोघांना परदेशी पाठवणारा एजंट. दाखला खोटा असणार, हेही दामिनीने बापाला सांगितलं. वाटलं, शेषराव रागावतील. ते म्हणाले, "मी येतो संगं."

अकोल्याला उतरून बापलेक ऑटोने मोर्णा नदीच्या पलीकडे जुन्या शहरात गेले. मसाल्याच्या दुकानावर वरच्या मजल्यात देवानंद सरांचं ऑफिस होतं. भिंतीवर निरनिराळ्या देशांचे झेंडे लावलेले. खालून मिरचीचा तिखट वास येत होता आणि शेषराव सारखे खोकत होते. देवानंद सरांनी पाणी मागवलं.

"काका, हे अडाण्यासारखे नियम हायेत," ते म्हणाले. "कुठं सहा वर्षांत डॉक्टर होते, कुठं आधी चार वर्षं दुसरी पदवी घ्या लागते, कुठं बारावीनंतर सरळ. प्रत्येकाचं माप वेगळं. आपल्या पोरीनं अभ्यास केला ना? मंग एक कागद कमी पडला म्हणून तिनं अडून राहाचं कावून?"

त्यांनी तयार दाखला टेबलावर ठेवला. दामिनीचं नाव, विद्यापीठाचा गोल शिक्का. खाली लिहिलं होतं, की तिने विद्यापीठात परत आल्यावर सुट्ट्यांमध्ये दुसऱ्या वर्षाची सगळी प्रात्यक्षिकं वॉर्डात आणि प्रयोगशाळेत पूर्ण केली.

दामिनीने तो वाचला आणि तिला घरची गच्ची आठवली. तिथंच नेटवर्क यायचं. उन्हात डोक्यावर ओढणी घेऊन ती बसायची, आणि ऑनलाइन तासाला शिकवणाऱ्या बाईंनी टेबलावरचं प्रेत उघडलं की नेमकं चित्र गोठायचं. नंतर परत गेल्यावर, तिसऱ्या वर्षात, एका म्हाताऱ्याच्या पोटावर हात ठेवून सरांनी विचारलं होतं, यकृताची कड लागते का? तिला काहीच लागलं नव्हतं. बाकीच्यांनी मान हलवली म्हणून तिनेही हलवली होती. पुढे पुस्तकं पाठ करून ती पास होत गेली. इथली परीक्षाही पास झाली. पण तो हात अजून तसाच होता.

"घे," शेषराव म्हणाले.

दामिनीने चमकून पाहिलं. तिच्या बापाने आयुष्यात ढिगाखाली शिळं फूल लपवलं नव्हतं.

"घे म्हणतो ना. थकलो मी. तुही माय झोपत नाई. घे अन् सुट."

"बाबा, यात लिहिलं ते मले येत नाई."

"काय येत नाई?"

"ते वर्ष. मले ते खरंच येत नाई. कौन्सिलवाले चूक नाईत."

शेषराव उभे राहिले. त्यांचा आवाज चढला, खोकल्याने मधेच तुटला. "मंग इतके महिने भांडून कावून राह्यली होती? कोणासाठी? सांग ना!"

देवानंद सरांनी दाखला हळूच ड्रॉवरमध्ये सरकवला, म्हणाले, विचार करा, घाई नाही. दोघं जिना उतरले. बडनेऱ्यापर्यंत गाडीत शेषराव खिडकीबाहेर पाहत बसले. घरी आल्यावरही ते कित्येक दिवस तिच्याशी बोलले नाहीत. ताट समोर आलं की पार्बताबाईला म्हणायचे, "तिले विचार, जेवते का."

पंधरवड्याने गजेंद्रने फोटो पाठवला. पांढरा ॲप्रन, गळ्यात स्टेथोस्कोप, मागे वॉर्डातल्या खाटा. त्याचा कागद चालला होता. दामिनी तो फोटो मोठा करकरून पाहत राहिली. आपण मूर्खपणा केला असं तिला त्या दिवशी मनापासून वाटलं, आणि देवानंद सरांचा नंबर तिने दोनदा लावून कापला.

मग तिने विद्यापीठाला शेवटचा मेल लिहिला. यावेळी दाखला मागितला नाही. लिहिलं, मला ते वर्ष पुन्हा शिकायचं आहे. दुसऱ्या वर्षाच्या मुलांमध्ये बसू द्या, प्रात्यक्षिकांना उभं राहू द्या. उत्तर लवकर आलं. डीनबाईंनी लिहिलं होतं: अशी विनंती आमच्याकडे पहिल्यांदाच आली. या. जे कराल त्याचं प्रमाणपत्र देऊ. तुमचा देश ते मानेल की नाही, हे आम्हाला सांगता येणार नाही.

कौन्सिलच्या खिडकीतल्या बाईंनाही ते सांगता आलं नाही. "अर्ज करून बघा," एवढंच म्हणाल्या.

जाण्याच्या दिवशी शेषराव स्टेशनवर आले. गाडी हलेपर्यंत बॅग त्यांच्या हातातच होती. गावात लोक विचारत होते, पोरगी परत कावून चालली, नापास झाली का? पार्बताबाई सगळ्यांना एकच सांगायची, "शिकाले चालली."

तिकडे वर्गात तिच्यापेक्षा कितीतरी लहान पोरं होती. पहिले काही दिवस ती पोरं तिला मॅडम म्हणून उठून उभी राहायची. सर नवे होते. त्यांनी विचारलं, पदवी झालेली बाई इथं काय करते? तिने मोडक्या रशियनमध्ये सांगितलं आणि त्यांनी खांदे उडवले. खोलीत ती एकटीच राहायची. बाहेर बर्फ पडायला लागल्यावर रात्र रात्र तिला वाटायचं, हेही वर्ष वाया जाईल, मग पुढे काय? याला उत्तर देणारं दोन्ही देशांत कुणी नव्हतं.

एका सकाळी वॉर्डात एका म्हातारीच्या पोटावर तिने हात ठेवला. श्वास घ्या म्हणाली. बोटांच्या टोकाला काहीतरी टणक येऊन हलकेच टेकलं आणि मागे गेलं. तिने पुन्हा श्वास घ्यायला लावला. पुन्हा टेकलं. यकृताची कड. म्हातारी कंटाळून काहीतरी पुटपुटली.

दुपारी तिने घरी फोन लावला. शेषराव बाजारात होते, मागे भाव पुकारल्याचा गलका.

"शिकून राह्यली का?" त्यांनी विचारलं.

"हो, बाबा."

"थंडी लय असन तठी," ते म्हणाले, आणि कुणीतरी शेवंतीचा भाव विचारला म्हणून त्यांनी फोन ठेवला.