करवंटी आणि श्रीखंडाचा डबा

दरवर्षी मे महिन्यात आजोबांची दुपार ऋजुताची असे. डोंबिवलीच्या घरात बुद्धिबळाचा पट मांडला की चहापर्यंत कुणी मध्ये यायचं नाही. यंदा मात्र तिच्या धाकट्या भावाला, अद्वयला, वाढदिवसाला गेको मिळाली. गेको म्हणजे अंगभर ठिपके असलेली परदेशी पाल. तेव्हापासून आजोबा त्याच्याच शेजारी बसलेले.

"तिच्या काचेच्या पेटीची एक बाजू उबदार ठेवू, एक गार," आजोबा त्याला सांगत. "कुठे बसायचं ते ती ठरवेल. वाळू नको, पोटात जाते. खाली साधा कागद घाल." पालीला लपायला अद्वयने करवंटी आणली. आजोबांनी करवंटीला छोटं दार कापून दिलं.

"आजोबा, एक डाव?" ऋजुताने विचारलं.

"एवढा तापमापक लावतो, मग."

ते 'मग' काही आलं नाही.

भिंतीवरच्या पाली पळवायला नीलामावशी मोरपीस लावते, हे ऋजुताला ठाऊक होतं. तिने वहीतलं मोरपीस काढलं आणि करवंटीमागे खोचलं.

तीन दिवस पाल बाहेर आली नाही. पहिल्या दिवशी ऋजुताला बरं वाटलं. तिसऱ्या दिवशी अद्वय पेटीजवळून जेवायलाही उठला नाही. तिने गुपचूप मोरपीस काढून घेतलं, तरी पाल हलेना. तिचं अंग पांढुरकं पडलं होतं.

"आजोबा, मी तिथे मोरपीस ठेवलेलं. ती मरणार का?"

आजोबांनी चष्मा लावून नीट पाहिलं. "मोरपिसाला ती कशाला भिते? कात टाकतेय. बोटांवरची सुटत नाहीये बघ. पेटीत ओलसर जागा हवी होती, ती माझ्याकडून राहिली." चष्मा काढून ते म्हणाले, "पीस का ठेवलंस ते कळलं मला. जा, श्रीखंडाचा रिकामा डबा आण."

डब्याला दार कापलं ऋजुताने. ओलं कापड पिळून आत पसरलंही तिनेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाल डब्यात बसली होती, नव्या रंगाची, टवटवीत. अद्वय आधी हसला. मग करवंटीकडे बघत म्हणाला, "माझ्या घरात का नाही बसत ती?"

तो चेहरा ऋजुताने लगेच ओळखला. गेले पंधरा दिवस तो तिचाच होता. तिने सरकून त्याला जागा दिली.

"उद्यापासून कापड तू ओलं कर. पण दुपारी आजोबा माझे."

"आधी पट शोधा," आजोबा म्हणाले. "कुठे ठेवलाय, मलाच आठवत नाहीये."