डाव्या बाजूचा अर्धा आटा

वॉलरू गावात पुरुषाने पुरुषाच्या घरी जायचं, तर हातात काहीतरी बिघडलेलं लागतं. गवत कापायचं यंत्र, पंप, गेलाबाजार मासेमारीच्या गळाची चक्री तरी. रिकाम्या हाताने गेलात, तर दार उघडणारा आधी तुमच्या चेहऱ्याकडे बघतो आणि हळूच विचारतो, "कोण गेलं?" बायकांचं बरं. त्या केक घेऊन जातात आणि दोन तास बसतात. त्यांना कुणी विचारत नाही.

व्हर्न ट्रेमबाथची बायको गेली, तेव्हा सगळा गाव मातीला आला आणि आठवड्याभरात आपापल्या घरी गेला. मागे राहिला व्हर्न, त्याची पत्र्याची शेड आणि त्याचा कान. कान महत्त्वाचा. जुन्या इंग्लिश मोटरसायकली, दोन सिलिंडरवाल्या, दोन कार्बोरेटरवाल्या, साऱ्या किनारपट्टीवर त्याच्याइतक्या सुरात कुणी लावत नसे. बागेला पाणी घालायच्या नळीचा तुकडा घ्यायचा, एक टोक कानात, दुसरं आधी उजव्या कार्बोरेटरच्या तोंडाशी, मग डाव्या. दोघांचा श्वास सारखा झाला की इंजिन मांजरासारखं घुरघुरायला लागे. पैसे तो घेत नसे. त्यामुळे गाव त्याला दिलदार म्हणे.

गाव भोळं होतं. व्हर्न आपला मोबदला चोख वसूल करी.

त्याची रीत अशी. काम झालं, गिऱ्हाईक हात धुवायला मागच्या नळावर गेलं, की तो डाव्या कार्बोरेटरचा हवेचा पितळी स्क्रू अर्धा आटा बाहेर काढी. तापलेल्या इंजिनात ते कळत नसे. गाडी ऐटीत निघे. दुसऱ्या दिवशी थंड इंजिन मात्र चौकात थांबलं की खोकायला लागे, सायलेन्सरमधून फटाके वाजत, आणि पंधरवड्यात स्वारी परत शेडच्या दारात.

"व्हर्न, पुन्हा सुरू झालं बघ ते."

"अस्सं? जुनं लोखंड, म्हाताऱ्यासारखं हट्टी असतं. बस, किटली ठेवतो."

असा अर्ध्या आट्याला एक चहा, आणि चहामागे दुपारभर माणूस. दातांचा डॉक्टर यायचा, माशांचं आमिष विकणारा यायचा. मग कुणी गाडी विकली, कुणाचे गुडघे गेले. शेवटी उरला तो अॅथल पेंगेली. तो अगदी नेमाने यायचा, बेकरीतल्या दोन गरम पेस्ट्या, मांस-बटाटा भरलेल्या, कागदात गुंडाळून. पेस्टीत गाजर घालणं हा गुन्हा आहे की नाही, यावर दोघं कैक वर्षं भांडले. निकाल लागला नाही, कारण लावायचाच नव्हता.

मग अॅथलला झटका आला. मुलीने त्याला अॅडलेडच्या वृद्धाश्रमात नेलं. गाडी त्याच्या शेडमध्ये चादरीखाली राहिली आणि व्हर्नच्या शेडमध्ये दुसरी खुर्ची. अॅडलेड दोन तासांवर आहे. व्हर्न एकदाही गेला नाही. काय घेऊन जाणार होता? अॅथलचं बिघडलं होतं ते त्याच्या हातचं नव्हतं.

त्या शुक्रवारी शेडसमोर मालवाहू गाडी थांबली. मागे दोरांनी आवळलेली अॅथलची मोटरसायकल, आणि पुढून उतरली त्याची मुलगी टॅमसिन. लहानपणी बापामागे बसून ती इथेच यायची.

"व्हर्नकाका, अजून आहात तर!"

"जायला सांगितलं नाही कुणी. बाप कसा आहे?"

"बोलणं फार राहिलं नाही. शब्द शोधावा लागतो त्यांना. पण ही गाडी म्हटलं की डोळे उघडतात." तिने दोर सोडायला घेतले. "उद्या त्यांचा वाढदिवस. मी ही चालवत नेणार आणि त्यांच्या खिडकीखाली उभी करणार. सोमवारी पर्थचा एक जुन्या गाड्यांचा संग्रहवाला विकत घेऊन जाईल. म्हणजे ऐकवायची ती उद्याच. होईल ना?"

"तुला चालवता येते?"

"काका, खुद्द बाबांनी शिकवलंय मला!"

"म्हणून तर विचारतोय."

ती खळखळून हसली. शेडमध्ये तो आवाज पत्र्याला आपटून परत आला. पत्र्याची सवय गेली होती.

गाडी किकला दाद देईना. व्हर्नने कार्बोरेटरखालची, पेट्रोल साठायची फ्लोटची वाटी काढली, तेव्हा तळाशी मधासारखं चिकट काहीतरी बसलं होतं. "वास घे." टॅमसिनने नाक मुरडलं. "जुनं पेट्रोल. उडून जातं आणि मागे हे ठेवतं." बारीक जेट त्याने उजेडासमोर धरला, भोकातून काही दिसेना. तार घालायची नाही, तारेने भोक मोठं होतं. त्याने केरसुणीचा एक हीर उपटला आणि हलक्या हाताने जेट मोकळा केला. मग दोन्ही कार्बोरेटरच्या तोंडात एकेक बोट घालून तिला मूठ पिळायला सांगितली. आतले पडदे बोटांवरून सरकले, डावा उजव्याच्या किंचित मागे. केबल ओढून त्याने दोघांना एका पावलावर आणलं.

संध्याकाळ व्हायच्या आत इंजिन सुरू झालं, आधी एका पायावर लंगडत, मग दोन्हीवर. व्हर्नने नळी कानाला लावली. उजवा, डावा, उजवा, डावा. फेरी मारून आणून त्याने प्लग काढून पाहिले. दोन्ही सारखेच, बिस्किटाच्या रंगाचे.

"हात धुऊन येते," टॅमसिन म्हणाली आणि मागे गेली.

व्हर्नचा हात त्याला न विचारताच डाव्या स्क्रूकडे गेला. स्क्रू-ड्रायव्हर खाचेत बसलासुद्धा. अर्धाच आटा, पोरगी परत येईल. पण कुठून परत येईल? हमरस्त्यावर, मालट्रकांच्या मध्ये, खोकत बंद पडली तर? आणि तिकडे तो खिडकीशी कान लावून बसलेला. गाडी सोमवारी पर्थला जाणार. हे शेवटचं गिऱ्हाईक होतं, आणि त्याला पक्कं दुरुस्त करून पाठवणं म्हणजे आपल्याच दाराला बाहेरून कडी घालणं. नळ बंद झाल्याचा आवाज आला. व्हर्नने स्क्रू-ड्रायव्हर न फिरवताच खाचेतून उचलला आणि दुसऱ्या हातात घेतला, जणू पहिल्यावर भरवसा नव्हता.

रात्री टॅमसिन बापाच्या रिकाम्या घरी झोपली. सकाळी व्हर्नकडून निघाली, तेव्हा त्याने मुद्दाम चहाचं विचारलं नाही.

एरवी गिऱ्हाईक फाटकाबाहेर पडलं, की तो आत जाऊन मोठ्याने रेडिओ लावी. आपली करणी ऐकायला कुणाला आवडतं? आज लपवण्यासारखं काही नव्हतं. तो फाटकाशी उभा राहिला. आवाज सुरेख जात होता, गावाबाहेरच्या गव्हाच्या उंच कोठारापर्यंत, सायलोपर्यंत. तिथे तो थांबला.

थोडा वेळ काहीच नाही. मग किक, आणि इंजिन सुरू झालं ते लंगडं. ते जवळ येत होतं. टॅमसिन वळणावर दिसली, डाव्या सायलेन्सरमधून काळा धूर सोडत.

"काका, काय केलंत हो? सायलोपर्यंत तर लोण्यासारखी चालली होती!"

"सायलोपाशी तू काय केलंस?"

"बाबांनी सांगितलं तेच. परवा कितीतरी वेळ शब्द शोधत होते. 'व्हर्नकडे ने. मग सायलो. डावा. अर्धा आत.' तीनदा म्हणाले." तिने खिशातला छोटा चाकू दाखवला. "ते नेहमी करायचेच ना हे. तुमच्याकडून निघालं की सायलोपाशी थांबायचे, चाकूच्या टोकाने तो पितळी स्क्रू आत. आणि पुन्हा तुमच्याकडे यायचं असलं, की तिथेच थांबून बाहेर. मग बेकरी. मला वाटायचं, या गाड्यांचं असंच असतं."

व्हर्न खाली वाकला. स्क्रूकडे बघायला इतका वेळ लागत नाही. सगळ्या किनारपट्टीत नावाजलेला कान, आणि कोसभरावर दर खेपेला काय चाललं होतं ते त्याला ऐकू आलं नव्हतं. गाडी सायलोपासून पुढे कधी खोकलीच नव्हती. तरी पंधरवडा भरला की अॅथल तोंड वाकडं करून दारात उभा. "पुन्हा सुरू झालं बघ ते." आणि दोन पेस्ट्या.

"काका? जास्त बिघडलंय का?"

"नाही गं. तू बापाचं ऐकलंस, एवढंच बिघडलंय." त्याने स्क्रू अर्धा आटा बाहेर काढला, दोन मिनिटं इंजिन रेस केलं, नळी लावून ऐकलं. धूर विरला. "किटली ठेवू?"

"नको, काका. उशीर होईल. ते खिडकीत बसले असतील."

"हो. जा तू." मग त्याने आपला छोटा स्क्रू-ड्रायव्हर तिच्या हातात दिला. "चाकूने खाच खराब होते. आता वाटेत हात लावायचा नाही. आश्रमाच्या आधीच्या सिग्नलला मात्र थांब. डावा, अर्धा आटा बाहेर. मग खिडकीखाली जा."

"बाहेर? पण मग खोकेल ना ती!"

"थंड होईपर्यंत उभी ठेव, आणि मग किक मार. चांगली खोकू दे."

"त्यांना काय सांगू?"

"काही नको. ऐकू दे."

ती गेली. व्हर्न फाटकाला धरून उभा राहिला. आवाज सायलोपाशी आला, न थांबता पुढे गेला, आणि हमरस्त्याच्या आवाजात मिसळून गेला. वारा समुद्राकडून होता, त्यामुळे जितका ऐकू यायला हवा होता तितकाही ऐकू आला नाही.

तो शेडमध्ये आला. हत्यारं पुसून जागेवर लावली. स्क्रू-ड्रायव्हरची जागा मोकळी राहिली. किटलीत सवयीने दोघांपुरतं पाणी घेतलं होतं. त्याने अर्धं ओतून टाकलं, आणि कोपऱ्यातल्या चांगल्या चालत्या पंपाकडे जरा वेळ बघत उभा राहिला, याचं काय बिघडवता येईल म्हणून.