दारातून न निघणारं टेबल

मित्रांनो, मी कापड बेतायचं एक जुनं टेबल आहे. अस्सल सागवानी, अगडबंब आणि जरासं गर्विष्ठ. सुताराने मला शिंपीकाकांच्या खोलीतच घडवलं. काम संपल्यावर त्याने कपाळाला हात लावला. "अरे देवा, हे दारातून निघणार कसं?" काका हसले. "निघायला कशाला हवंय? आम्ही कुठे निघालोय?"

माझ्यावर किती गणवेश, किती लग्नाचे कोट बेतले गेले, विचारू नका! काकू कडेला बसून काजं करायच्या. त्यांची लेक माझ्याखाली चिंध्यांचा संसार मांडायची. पुढे बाजारात तयार कपडे आले आणि गिऱ्हाईक आटलं. मग काकूही गेल्या. तरी काका रोज सकाळी मला पुसायचे.

लेक म्हणायची, "बाबा, आता माझ्याकडे चला." काकांचं उत्तर ठरलेलं. "टेबल निघत नाही, मी कसा निघू?" मला मोठा अभिमान वाटायचा. मी असताना त्यांना कोण हलवणार!

पण काका जिन्यात पडले. लेक नोकरी सांभाळून शहराच्या दुसऱ्या टोकाहून रोज येऊ लागली. एका संध्याकाळी तिने जेवणाचा डबा माझ्यावर ठेवला आणि तिथेच डोकं टेकून ढसाढसा रडली. "बाबा, दोन घरं नाही हो झेपत मला." काका बराच वेळ तिच्या केसांवरून हात फिरवत राहिले. मग म्हणाले, "सुताराला बोलाव, बाळा."

सुतार करवत घेऊन आला. काकांनी स्वतः खडूने माझ्यावर रेघ मारली. रेघ अगदी सरळ आली. "रेघेवरच काप बाबा," ते म्हणाले, "लाकूड काही पुन्हा शिवता येत नाही."

आता मी अर्धं उरलंय आणि लेकीच्या गॅलरीत कुंड्या सांभाळतंय. लेक मायाळू आहे, काकांना काही कमी पडू देत नाही. ते माझी कापलेली कड चाचपत बसतात.

मित्रांनो, आजीआजोबांना घरातून हलवावं की नाही, हे मी लाकूड काय सांगणार? पण हलवलंत, तर मागे काय राहिलं ते त्यांना विचारा. काकांना सांगायचंय हो! लेक विचारत नाही, कारण विचारलं तर तिलाच रडू फुटेल. काका आपणहून बोलत नाहीत, कारण तिला वाईट वाटेल. रोज संध्याकाळी दोघं माझ्याजवळ बसतात आणि हवापाण्याच्या गप्पा मारतात.