खणात बांधलेला हातमोजा

मित्रांनो, माझ्यात पाच बोटांची जागा आहे आणि आज त्यातली एकही भरलेली नाही. मी बेसबॉलचा हातमोजा, डाव्या हाताचा, जुना आणि आता फाटकाही. हुबळीच्या देशपांडे नगरात एका घरी, टीव्हीशेजारच्या फळीवर मी पडून असतो. बेसबॉल कुणाच्या खिजगणतीतही नसलेल्या या गावात मी कसा आलो आणि इथे माझं काय झालं, ते सांगतो. गोष्ट गोड नाही, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. कातडं कापलं, सुयांनी टोचलं आणि बोटांमधून चामड्याची वादी ओवली, एवढं आठवतं. मग मी अमेरिकेतल्या एका दुकानात टांगलेला होतो. तिथे एक दिवस या घरचा मुलगा सुमंत आला, नोकरीसाठी तिकडे गेलेला. सुमंत धारवाडच्या कॉलेजात क्रिकेट खेळलेला, तोही यष्टिरक्षक. त्यानं मला हातात घेऊन उलटसुलट पाहिलं आणि दुकानदाराला विचारलं, याचा जोडीदार कुठे आहे? दुकानदाराला बिचाऱ्याला प्रश्नच कळेना. हातमोजे म्हटले की दोन, हे सुमंतच्या डोक्यात इतकं पक्कं बसलेलं होतं, की एकट्या मला घेऊन जाताना त्याला आपण फसलो असंच वाटत होतं.

नवा हातमोजा फार हट्टी असतो, मित्रांनो. तो मिटत नाही, वाकत नाही. सुमंतनं माझ्या तळव्यात चेंडू ठेवायचा, वरून घट्ट पट्टा बांधायचा आणि रात्री मला गादीखाली घालून झोपायचं, असा क्रम धरला. दिवसा तो भिंतीवर चेंडू मारून झेलत बसे. हळूहळू मी नरम पडलो. त्याच्या बोटांचे खळगे माझ्या आत उमटले. पुढे त्याचा मुलगा साकेत चालायला लागला आणि बापलेक अंगणात झेलाझेली खेळू लागले. ती माझी सुखाची वर्षं. चेंडू तळव्यात बसला की ‘थप्’ असा आवाज होई आणि साकेत टाळ्या पिटी.

मग एका हिवाळ्यात सुमंतच्या छातीत कळ आली आणि तो गेला. त्या दिवशी मी दारामागच्या खुंटीवर होतो. कितीतरी दिवस मला कुणी खाली काढलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात साकेतची आई दीपश्री त्याला घेऊन हुबळीला आली. साकेतनं आपल्या पिशवीत दुसरं काही घेतलं नव्हतं, फक्त मला आणि एक चेंडू. सुमंतचे आईवडील म्हणजे अंबूताई आणि मुकुंदराव. अंबूताई शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या, मुकुंदराव वकील. घरात सोवळंओवळं होतं. मी कुठल्या जनावराच्या कातड्याचा हे अंबूताईंनी विचारलं नाही आणि मुकुंदरावांनी सांगितलं नाही. न विचारलेलं सांगायची सवय वकिलाला नसते.

नातू आणि आजी एकमेकांकडे नुसते बघत बसत. त्याचं मराठी तोकडं, त्यांचं इंग्रजी शाळेतलं. दोघांनाही एकाच माणसाबद्दल बोलायचं होतं आणि दोघांनाही ते जमत नव्हतं. शेवटी साकेत मला घेऊन आला आणि म्हणाला, आजी, चल, तुला शिकवतो.

गच्चीवर अंबूताईंनी त्याच्या सांगण्यावरून रांगोळीनं चौकोन काढला, एक टोक आपल्याकडे केलेला. तीन कोपऱ्यांना तीन बेस, म्हणजे पळताना टेकायचे थांबे. आपल्याकडच्या टोकाला पाच कोनांची एक आकृती, अगदी लहान मुलं कौलारू घर काढतात तशी. त्याला ‘होम’ म्हणायचं. फलंदाज तिथे उभा राहतो. फेकलेला चेंडू त्या घरावरून, गुडघ्याच्या वर आणि छातीच्या खाली गेला आणि त्यानं सोडून दिला, तर तो स्ट्राइक. मारायला जाऊन हुकला तरी स्ट्राइक. तीन झाले की बाद. गोलंदाजानं चार चेंडू वेडेवाकडे टाकले, तर पहिला बेस फुकटात. न मारल्याबद्दल माणूस बाद कसा, हे मुकुंदरावांना पटेना. चांगला चेंडू सोडणं याला आमच्याकडे शहाणपण म्हणतात, असं ते खुर्चीतून बजावत राहिले. अंबूताईंनी त्यांना गप्प केलं. बाईंना शिकायचं होतं.

मग साकेतनं मला त्यांच्या डाव्या हातात चढवलं. अंबूताईंनी तळहात वर करून मला असं पुढे धरलं, की जणू देवळात तीर्थ घ्यायला उभ्या आहेत. चेंडू कोपराला लागून खाली पडला. साकेत म्हणाला, बोटं आभाळाकडे कर, आणि चेंडू आला की दुसऱ्या हातानं वरून झाक. तिसऱ्या-चौथ्या खेपेला ‘थप्’ झालं. सुमंत गेल्यानंतर त्या घरात मोठ्यानं हसण्याचा तो पहिला आवाज असावा.

“म्हणजे घर सोडून पळायचं आणि फिरून घरीच यायचं, एवढंच की,” अंबूताई धापा टाकत म्हणाल्या.

“हो आजी. पण मधेच राहिला तर शून्य.”

तीन जण बाद झाले की डाव संपतो. त्या वेळी कुणी दुसऱ्या, तिसऱ्या बेसवर पोहोचलेला असला, तरी त्याला तिथूनच मैदानाबाहेर जावं लागतं. त्याचं काहीच मोजत नाहीत, असं साकेतनं समजावलं. अंबूताई त्या रांगोळीकडे बराच वेळ पाहत राहिल्या. पुढे सामने बघायला लागल्यावर त्यांना धावांच्या आधी असा अडकून राहिलेला माणूसच दिसायचा.

परत जायच्या दिवशी साकेतनं मला अंबूताईंच्या मांडीवर ठेवलं.

“हे तुझ्याकडे राहू दे. बाबाचा हात आहे आत. मी आलो की खेळू.”

मित्रांनो, माझा घात झाला तो या बोलण्यानं. पोरानं अगदी प्रेमानं सांगितलेलं. पण ‘बाबाचा हात आहे आत’ हे अंबूताईंच्या मनात असं रुतलं, की त्यानंतर त्यांनी मला एकदाही हातात चढवलं नाही. आपली बोटं आत गेली तर लेकाची बोटं पुसली जातील, असं त्यांना वाटलं. त्यांनी आपल्या ठेवणीतला इरकली खण काढला, मला त्यात बांधलं, वर डांबराच्या गोळ्या टाकल्या आणि कपाटात सुमंतच्या फोटोमागे ठेवलं. चेंडू वेगळा, एका डब्यात.

दर वर्षी आयुधपूजेला, म्हणजे खंडेनवमीला, मी बाहेर येई. मुकुंदरावांची स्कूटर, विळी, शिवणयंत्र आणि मी. अंबूताई मला खोबरेल तेल चोपडत, हळदकुंकू लावत, वर शेवंतीचं फूल ठेवत आणि पुन्हा खणात बांधत. आयुधपूजेला आयुधाला काम सांगत नाहीत, विश्रांती देतात. दसरा सरला की स्कूटर कोर्टाकडे जाई, विळीवर भाजी चिरली जाई. माझ्या वाट्याला मात्र तो विश्रांतीचा दिवस वर्षभर येई.

खेळ मात्र त्यांनी सोडला नाही. तिकडे रात्र पडते तेव्हा इकडे सकाळ असते, आणि मुकुंदरावांनी फोनवर सामने लावून दिले होते. देवपूजा आटोपली की अंबूताई शेंगा निवडत बेसबॉल बघत. कपाटातून मला सगळं ऐकू येई. गोलंदाज बरा टाकत असताना त्याला का बदलला, पळणारा बेस चोरतो म्हणजे काय करतो, हे त्या मनात साठवून ठेवत आणि रविवारी साकेतचा फोन आला की विचारत. साकेत खुलून बोले. तास तास बोले. फोनची सुरुवात मात्र ठरलेली. आजी, ग्लव्ह कसा आहे? आणि त्यांचं उत्तरही ठरलेलं. अगदी जपून ठेवलाय, बाळा. त्यात खोटं काहीच नव्हतं, हेच माझं दुःख आहे.

इकडे मी आतून वाळत चाललो होतो. हात नसलेलं कातडं आकसतं. पावसाळ्यातल्या ओलीनं माझ्यावर हिरवी बुरशी धरली, उन्हाळ्यात ती करपली. तेल आंबलं. सुमंतच्या बोटांचे खळगे एकेक करून बुजत गेले. मी ओरडलो असतो, पण हातमोज्याला तोंड नसतं.

साकेतचं येणं लांबत गेलं. आधी साथ आली, मग त्याच्या परीक्षा. गेल्या डिसेंबरात तो आला तेव्हा सुमंतएवढा उंच झालेला होता. शाळेच्या संघात त्याची निवड झाली होती आणि हा मोसम बाबाच्याच हातमोज्यानं खेळायचा, असं तो तिकडे सगळ्यांना सांगून आला होता. चहासुद्धा न घेता त्यानं मला मागितलं. अंबूताईंनी कौतुकानं खण आणला, गाठ सोडली. त्यांचा चेहरा मी विसरणार नाही. एखादी ठेव परत देताना माणूस उजळतो तसा तो होता.

साकेतनं मला उचललं. कुंकवाचे थर, काळपट तेल, तो वास. त्यानं हात घातला. मी उघडण्यासाठी जीव तोडून धडपडलो, मित्रांनो, खरंच धडपडलो. त्याची बोटं अर्ध्यावर अडली. त्यानं जरा जोर लावला आणि माझा तळवा अंगठ्यापासून मनगटापर्यंत चिरत गेला. वादीचे तुकडे जमिनीवर पडले.

“आजी, तू कधीच घातला नाहीस?”

“तुझ्या बाबाचा हात पुसला गेला असता रे.”

“घातला असतास तर राहिला असता.”

तो रागानं बोलला नाही. रागावला असता तर अंबूताईंना रडता तरी आलं असतं. मुकुंदराव उठून उभे राहिले आणि कुणाकडेच न बघता “आय्तु बिडु” म्हणाले. जाऊ दे, झालं ते झालं. पण ते काही गेलं नाही. दुसऱ्या दिवशी ते मला कमरीपेठेत चपला शिवणाऱ्याकडे घेऊन गेले. त्यानं नवी वादी ओवून दिली, पण फाटलेल्या तळव्यात टाका धरेना. सुई लावली की कातड्याचा भुगा पडे.

साकेत जाताना आजीच्या पाया पडला, तिला मिठी मारली. मला घेऊन गेला नाही. नंतर रविवारचे फोन चालू राहिले, पण ग्लव्ह कसा आहे, हे आता कोण विचारणार? त्या प्रश्नाशिवाय दोघांना सुरुवातच करता येईना. जेवलीस का, पाऊस आहे का, अभ्यास कसा आहे, आणि लगेच, बरं, ठेवू? हळूहळू फोन एका रविवाराआड आला. नंतर सणावाराला. आता दिवाळी होऊन गेली तरी आलेला नाही.

अंबूताई आता मला खणात बांधत नाहीत. डब्यातला चेंडू काढून त्यांनी माझ्या फाटक्या तळव्यात ठेवला आहे. सकाळी सामना लावतात, आवाज बंद करून. मधूनच मला मांडीवर घेतात आणि आत दोन बोटं घालून काहीतरी चाचपत बसतात. तिथे काही नाही, हे त्यांना माहीत आहे. परवा मुकुंदरावांना ते बघवलं नाही. ते चेंडू उचलून समोर जाऊन उभे राहिले, वाकलेल्या पाठीनं.

“घाल तो हातात. मी टाकतो, तू झेल.”

अंबूताईंनी मला पोटाशी घट्ट धरलं.

“नको. आणखी फाटेल.”

मुकुंदरावांनी चेंडू परत फळीवर ठेवला आणि ते आत गेले.

मित्रांनो, माझ्यासाठी काही करा असं मी म्हणत नाही. माझं होऊन गेलं. पण तुमच्याही घरात कुणा गेलेल्या माणसाची एखादी वस्तू कापडात बांधून ठेवलेली असेल. तिची गाठ आजच सोडा. तिच्यात हात घाला, ती वापरा, झिजू द्या. आणि लांब गेलेलं कुणी तिची चौकशी करत असेल, तर ती वस्तू घेऊन त्याच्यासमोर उभे राहा आणि त्याला म्हणा, टाक, मी झेलतो. नुसतं जपून ठेवलंय असं सांगू नका. मी जपलेला होतो.